वाळ्याची ताटी, एक बोट मोठी

परवा नातवानं घरात कूलर आणला. बसवायला आलेला कारागीर खिडकीला टेप लावून उभा आणि नातू त्याला पुन्हा पुन्हा विचारतोय, "पण सगळं मिळून किती?" कारागीर म्हणाला, "कूलरचे वेगळे, स्टँडचे वेगळे, बसवणावळ वेगळी. पुढच्या उन्हाळ्यात आतलं गवत बदलावं लागेल, त्याचे तेव्हा बघू. आणि पाणी तर रोजचंच." नातवाचा चेहरा उतरला. मी कोपऱ्यात शेंगा फोडत होते, मला हसू आवरेना.

"आजी, हसतेस काय? पैसे माझे चाललेत."

"चालू देत की. सत्तर-बहात्तर वर्षांमागं हेच मी लोकांच्या परसदारी उभी राहून सांगत होते. त्यांचीही तोंडं अशीच व्हायची."

नातसुनेला वाटतं मी आयुष्यभर सुपं आणि टोपल्याच विणल्या. विणल्याच. आम्ही बुरूड, बांबू हातात आला की बोटं आपोआप चालतात. पण चैत्र लागला की आमच्या घरातून सुपं बाहेर पडायची थांबत आणि वाळ्याच्या ताट्या बाहेर पडू लागत. सोलापुरात तेव्हा वीज होती म्हणे, पण ती गिरण्यांत आणि साहेबाच्या बंगल्यात. बाकीच्या शहरानं उन्हाळा काढायचा तो आमच्या जिवावर. जिवावर म्हणते ते जरा जास्तच झालं; पण विकणारीनं आपल्या मालाबद्दल कमी कशाला बोलावं?

ताटी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आताच्या पोरांना वाळा म्हणजे सरबताची बाटली वाटते. वाळा हे एक गवत. त्याच्या मुळ्या लांब, केसांसारख्या बारीक आणि वासाला अशा, की पहिल्या पावसाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा ओला वाळा नाकाला लावून बघावा. या मुळ्या पोत्यांतून रेल्वेनं यायच्या. त्या रात्रभर भिजवायच्या, माती झटकायची, मग बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये थर देऊन दाबून बसवायच्या आणि सुतळीनं आवळायच्या. चहूबाजूंनी आंब्याच्या लाकडाची चौकट. ही ताटी पश्चिमेच्या दारात किंवा खिडकीत उभी करायची आणि बाहेरून पाणी मारत राहायचं. दुपारचा वारा आगीसारखा यायचा तो तिच्यातून गाळला जाऊन आत गार जायचा. आम्हाला बहुतेक घरांत उंबऱ्याच्या आत घेत नसत. ताटी बाहेरून लावायची, पाणी बाहेरून मारायचं. गारव्याला मात्र सोवळं नव्हतं. तो थेट देवघरापर्यंत जायचा.

नवी ताटी करायची म्हणजे एखादं बऱ्यापैकी लुगडं येईल एवढा खर्च. चौकट पुष्कळ वर्षं टिकायची, पण वाळा एका उन्हाळ्याचा. दरवर्षी तो बदलायचा आणि दरवर्षी गिऱ्हाईक विचारायचं, "अगं, गेल्या सालचाच चालंल की!"

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "चालंल की. गेल्या सालची भाकरी चालती का बघा, मंग ह्यो बी चालंल."

धंदा आत्याबाईंचाच. सासरे लवकर गेले. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, हातानं सोनं. पण गिऱ्हाईक समोर आलं की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. भाव आत्याबाई करायच्या, माप त्याच घ्यायच्या, आणि भाव सांगण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, "दुपारच्याला वारं कुटनं येतं?" उत्तर काहीही मिळो, त्या स्वतः पदराचं टोक हातात धरून दारात उभ्या राहायच्या आणि पदर कुठं उडतो ते बघायच्या. दुसरी, "पाणी कुटनं आणणार?" वैशाखात निम्मे आड तळाला जायचे. मग पखालवाल्याला बोलावणं आलंच. आमच्या पेठेत कासिमचाचा होता. त्याचा रेडा आणि रेड्याच्या पाठीवर कातड्याची पखाल. तो मला चिडवायचा, "बेटी, तेरी ताटी साल में एक बार बिकती, मेरा पानी रोज बिकता. बोल, सेठ कौन?" खरं होतं ते. ताटी परवडते की नाही हे ताटीवर नाही, पाण्यावर ठरायचं. आत्याबाई ते आधी सांगून टाकायच्या आणि त्यामुळं चार गिऱ्हाइकं परत जायची. मला तेव्हा वाटायचं, ही बाई धंदा करते की धंदा मोडते?

तेव्हा मला पुष्कळ काही वाटायचं. मी चौथी पास होते. आमच्या आळीत चौथी पास झालेली मी एकटीच सून, आणि हे कुणी विसरू नये याची मी काळजी घ्यायचे. माहेराहून येताना ट्रंकेत दोन लुगडी होती, एक आरसा होता आणि एक लाकडी फूटपट्टी होती. आरशात बघितलं नसेल इतकं मी त्या पट्टीकडं बघायचे. रस्त्यानं जाताना ती कमरेला खोचून जायचे, अगदी फौजदारासारखी. कुणी विचारलं, "शेवंते, ही कशाला गं?" तर म्हणायचे, "मापाला." आता आठवलं की त्याच पट्टीनं स्वतःला दोन माराव्याशा वाटतात.

कारण आत्याबाईंची मापं पट्टीत बसणारी नव्हती. त्या सुतळी घेऊन जायच्या. दाराची उंची झाली की एक गाठ, रुंदी झाली की दुसरी. प्रत्येक गिऱ्हाइकाची सुतळी वेगळी. घरात एका भिंतीला खुंट्यांची ओळ होती आणि तिच्यावर अख्ख्या पेठेची दारं-खिडक्या लोंबत असायच्या. कुठली सुतळी कुणाची हे त्यांना अंधारात हात लावून कळायचं. मी एकदा चोरून दोन सुतळ्या पट्टीवर मोजल्या, मग जाऊन ती दारं मोजली. दोन्ही वेळा सुतळी एक बोट कमी निघाली!

"आत्याबाई, तुमचं माप चुकतंय."

"कितीनं?"

"एका बोटानं."

"मंग बराबर हाय." त्या कामट्या सोलत राहिल्या. "ते बोट पाण्याचं. पाण्याला जागा ठिवायची असती."

मला वाटलं, हा काहीतरी नैवेद्याचा प्रकार असणार. वरुणदेवाच्या नावानं एक बोट. एक बोट फट म्हणजे तेवढी झळ आत. गिऱ्हाइकानं पैसे गारव्याचे द्यायचे आणि आम्ही फट ठेवायची? चौथी पास बाईला हे पटेना.

गिऱ्हाइकंही एकेक नग असायची. एका किराणा दुकानदारानं ताटी लावून घेतली आणि तिसऱ्या दिवशी भांडायला आला: घरात घाम फुटतोय, पापड मऊ पडले, मिठाला पाणी सुटलं. जाऊन बघतो तर त्यानं समोरची खिडकी गच्च लावून वर गोणपाट ठोकलेलं. का, तर "पैसे देऊन आणलेला गारवा तिकडनं पळून जाईल की!" आत्याबाईंनी बाहेरूनच त्याला सांगितलं, "शेट, वाऱ्याला जायला वाट न्हाय तर त्यो यील कशाला? तुमच्या दुकानात तरी यील का कुनी, भाईर जायचं दार न्हाय म्हटल्यावर?" खिडकी उघडली आणि घटकाभरात पापड सोडून सगळं ठीक झालं. मी हे ऐकलं, हसले आणि विसरले. हसलेलं विसरायला वेळ लागत नाही.

माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली असतील. वैशाखात आत्याबाईंना माहेरी, केम गावाला, जावं लागलं. त्यांचा भाऊ आजारी होता. स्टेशनावर जाताना त्यांनी एक सुतळी माझ्या हातात दिली. "नरसय्या शेटच्या मागाच्या सोप्याच्या दोन खिडक्या. गाठी मारल्यात. तशा ताट्या कर, न्हिऊन लाव. डोकं चालवू नगंस."

आता चौथी पास माणसाला डोकं चालवू नको म्हणायचं म्हणजे काय!

नरसय्या शेट तेलुगू विणकर. घरातल्या मोठ्या सोप्यात माग, आठ-दहा कामगार, लुगड्यांचा चांगला व्यापार. त्यांना ताट्या हव्या होत्या त्या माणसांसाठी नव्हे, सुतासाठी. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सूत तडातडा तुटतं. हवा जरा दमट असली की माग सुरळीत चालतो. मी सुतळी ठेवली खुंटीला आणि पट्टी घेऊन खिडक्या मोजून आले. मालकांना माप दिलं. ते चौकटीवर रंधा मारत होते, जरा थांबून म्हणाले, "आईची गाठ बघितली का?"

"बघितली. चुकलीय."

ते पुन्हा रंधा मारू लागले. त्यांचं बोलणं मी तीन वर्षांत जेवढं ऐकलं त्यातलं निम्मं रंध्याचंच होतं.

ताट्या खिडक्यांत अशा बसल्या, की केस शिरायला जागा नाही. वरून जरा ठोकाव्या लागल्या, पण बसल्या. पाणी मारलं, वारा गार झाला, मागावरचं सूत तुटायचं थांबलं. शेट स्वतः परसात आले आणि म्हणाले, "बाप रे, काय घट्ट बसवलंयस! तुझी सासू फट ठेवते." मी पट्टी सरळ केली कमरेला. खिडकीतली ताटी कुणी काढत नाही, घालत नाही. ती फुगून चौकटीत रुतून बसली तरी कुणाला कळायचं कारण नव्हतं. मला तर नव्हतंच.

त्याच परसात, आडाच्या पलीकडं, एक एकटी खोली होती. पत्र्याची, पश्चिमेला एकच दार, समोरच्या भिंतीत वर हातभर खिडकी आणि तिच्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला. मी दोन दिवस तिथं पाणी मारत होते आणि आतून तान्ह्या लेकराचं रडणं येत होतं. दुसऱ्या दिवशी त्या दाराच्या फटीतून आवाज आला.

"ए ताटीवाली, जरा इकडं ये की."

शेटची मुलगी, लच्छू. पहिलटकरीण, माहेरी आलेली. बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. माझ्याच वयाची. घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. आत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. बाळंतिणीला शेक पाहिजे, वारा लागता कामा नये, हा तेव्हाचा नेम. पौषातही तोच, वैशाखातही तोच. आणि तो नेम चालवायला तिची आजी, अव्वा, दिवसभर दाराशी बसलेली. दुपारी तेवढी ती सोप्यात जाऊन लवंडायची.

"तिकडं सुताला गार लावलंस," लच्छू म्हणाली, "इकडं माझी भाकरी होतीय. कालपासनं बाळ नीट पीत नाही. मला पण लाव की एक."

"शेटना सांगा."

"सांगितलं. अव्वानं ऐकलं आणि अजून कोळसे घातले." ती हसली, पण हसता हसता तिनं भिंत धरली. "तू लाव. अव्वा झोपली की लाव. उठायच्या आत काढ. कुणाला कळतंय?"

आता हे खरं तर काम नव्हतं. ना मागणी, ना भाव. पण मला दोन गोष्टी झाल्या: एक म्हणजे तिच्याकडं बघवेना, आणि दुसरी, ती मी आज कबूल करते, आपण एकटीनं घेतलेलं पहिलं काम म्हणून छाती फुगली. दाराचं माप घेतलं. पट्टीनं. काटेकोर. शिल्लक वाळ्यात मालकांकडून रातोरात ताटी करून घेतली.

"आईला येऊ दे," एवढं एकच वाक्य ते बोलले.

"तोवर ती बाई शिजंल," मी म्हटलं. त्यांनी रंधा उचलला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अव्वा सोप्यात घोरायला लागली. कासिमचाचा पखाल घेऊन आलेलाच होता, आडाला पाणी नव्हतं. मी ताटी दारात उभी केली, चहूबाजूंनी हलकेच ठोकली. काय बसली म्हणून सांगू! आतून लच्छू म्हणाली, "शेगडी काढू का बाहेर?" दार तर ताटीनं बंद झालं होतं, पुन्हा काढायचा कंटाळा. मी म्हटलं, "राहू दे, गारवा आणि शेगडी आपसात काय ते बघून घेतील."

हे वाक्य मी बोलले. माझ्या तोंडानं.

चाचानं पखालीचं तोंड सोडलं. ताटी भिजली, वास सुटला. "लई भारी," आतून आवाज आला. मग बाळाचं रडणं थांबलं. मी चाचाला म्हटलं, "बघा, गारव्यानं कशी झोप लागली लेकराला." मी खूश होऊन आणखी पाणी घातलं. थोड्या वेळानं लच्छू म्हणाली, "डोकं गरगरतंय गं." आवाज जड, लांबून आल्यासारखा. "काढ आता."

मी ताटी ओढली. हलेना. चाचानं ओढली. हलेना. आंब्याचं लाकूड पाणी पिऊन असं फुगलं होतं, की ताटी आणि दाराची चौकट एकच झाड असावं. आणि मी काय केलं? सैल पडेल म्हणून वर आणखी दोन घागरी पाणी ओतलं!

"बेटी, रुक! पानी नक्को डाल!" चाचा ओरडला. "फूलती वो!"

त्या क्षणी एका वेळी तीन गोष्टी मला कळल्या. आत्याबाईंचं पाण्याचं बोट काय असतं ते कळलं. चिंध्यांनी बुजवलेल्या खिडकीमुळं वाऱ्याला वाटच नाही, म्हणजे आत गारवा जातच नव्हता, नुसती वाफ होती, ते कळलं. आणि निखाऱ्यांचा धूर त्या बंद खोलीत कोंडलाय आणि लेकराला लागलीय ती झोप नाही, हेही कळलं. चौथीत यातलं काही शिकवलं नव्हतं.

"लच्छूबाई!" मी हाका मारल्या. आतून नुसतं "ऊं" आलं.

कोयती माझ्या टोपलीत होती. बुरडाच्या हातातली कोयती बांबू सोलायला असते. आपणच आवळलेली ताटी आपणच फाडायला नसते. पण मी मधोमध वार घातला, मग दुसरा, मग हातानंच कामट्या मोडल्या, मुळ्या उपसल्या. ओला वाळा तुटता तुटत नाही. बोटं सोलली. पाट्याएवढं भोक पडलं आणि आतून गरम वाफ तोंडावर आली. "चाचा, खिडकी!" मी ओरडले. साठीचा म्हातारा रेडा मागच्या बाजूला हाकून त्याच्या पाठीवर चढला आणि काठीनं चिंध्यांचा बोळा आत ढकलला.

आणि वारा सुरू झाला. पश्चिमेचा वारा माझ्या मानेवरून, त्या भोकातून, खोलीतून आरपार खिडकीनं गेला. ओल्या वाळ्यातून गेला तेवढा गार होऊन गेला.

"लच्छू, लेकरू दे!" ती बाजेवरून घसरत, गुडघ्यांवर आली आणि फडक्यात गुंडाळलेलं बाळ तिनं भोकातून माझ्या हातात दिलं. ते मऊ पडलं होतं, मान टाकलेली. मी त्याच्या तोंडावर पाणी शिंपडलं, तळवे चोळले. किती वेळ गेला माहीत नाही. चाचा काहीतरी पुटपुटत होता, मी काहीतरी पुटपुटत होते. त्याचा देव, माझा देव, जो मोकळा असेल तो. मग लेकरानं नाक आक्रसलं, वाळ्याची एक मुळी त्याच्या गालाला चिकटली होती, आणि त्यानं असं भोकाड पसरलं की सोप्यातले माग थांबले.

अव्वा धावत आली. तिनं काय पाहिलं असेल याचा विचार करा: दारात फाटकी ताटी, खिडकी उघडी, रेड्यावर पखालवाला आणि परसात तिचं पणतवंड एका बुरडिणीच्या हातात, ओलंचिंब. "अय्यो! बिड्डा! गाली वद्दु, गाली वद्दु!" लेकराला वारा नको, वारा नको म्हणून ती कपाळ बडवायला लागली. शेट आले, कामगार आले. मी लेकरू तिच्या हातात दिलं आणि तिथंच मातीत बसले.

भोकातून लच्छूचं डोकं बाहेर आलं. चेहरा पांढरा, पण डोळ्यांत जीव आला होता. "अव्वा," ती म्हणाली, "परत शेगडी आणलीस ना, तर ह्या भोकातनं मी सासरी जाईन. आत्ताच."

कामगारांनी पहारीनं ताटी काढली तेव्हा दाराची एक फळीही निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आत्याबाई आल्या. स्टेशनापासून घरापर्यंत त्यांना ही हकीगत किमान सहा जणांनी सांगितली असणार. घरात आल्या, पाणी प्यायल्या, माझ्या सोललेल्या बोटांकडं बघितलं. "चल," एवढंच म्हणाल्या.

शेट परसात उभे होते. मुलगी-नातू बरे होते. पण माणूस घाबरून गेला की नंतर रागावतो. "तुझ्या सुनेनं काय केलं माहीत आहे? दार मोडलं. न विचारता ताटी लावली. माझ्या लेकीचा जीव..." आणि ते त्या खोलीच्या दाराकडं बघू लागले. मग ओशाळून म्हणाले, "आणि त्या दोन खिडक्यांचं काय द्यायचं ते सांग. त्या पण रुतल्यात."

आत्याबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "काम हिनं केलंय. भाव हीच सांगंल."

मी आयुष्यात भाव सांगितला नव्हता. पट्टी घरी राहिली होती, पहिल्यांदाच.

"खिडक्यांच्या ताट्यांचं काय घ्यायचं न्हाय," मी म्हटलं. "त्या चुकल्यात. दुसऱ्या करून दीन. दार आमचे मालक नीट करतील. आन् त्या खोलीला नवी ताटी लावीन, तिचंबी काय घ्यायचं न्हाय, आमच्या चुकीची म्हणून. पर..." आणि इथं डोकं चालवलं, नको सांगितलेलं असूनही. "पर ती ताटी लावायची तर खिडकी उघडी पाहिजे आन् शेगडी भाईर पाहिजे. सुताला वारा लागतोय, शेट, तुमच्या लेकीला लागला तर काय बिघडतंय?"

अव्वा दाराशी बसली होती. ती माझ्याकडं बघत राहिली, मग पणतवाकडं बघितलं. तो दूध पिऊन झोपला होता; या वेळी खरंच झोपला होता. "सकाळी शेक," ती शेवटी मोडक्या मराठीत म्हणाली. "सकाळी एकदा. दार उघडं. दुपारी नाही." तिनं एवढं सोडलं, हे तिच्या दृष्टीनं राज्य सोडण्यासारखं होतं. तेव्हा मला ते कळलं नाही. मी जिंकले म्हणून मान वर केली. तिनं त्या शेगडीनं आपल्या परीनं लेकी-नाती जगवल्या होत्या. वाईट नव्हती ती.

परतताना आत्याबाई पेठ संपेपर्यंत माझ्या पुढं चालल्या. मग म्हणाल्या, "फुकट दिलीस. वाळा काय तुझ्या बापानं धाडलाय?"

"न्हाय."

"दार नीट करायचं, ताट्या फुकट करायच्या. लई मोटी शेटानी."

"व्हय."

मला एवढीच खंत आहे, की लच्छूनं हाक मारली म्हणून मी थांबले. त्याआधी तीन उन्हाळे मी परसापरसांतून फिरत होते. अशा बुजवलेल्या खिडक्यांच्या किती खोल्यांवरून गेले असेन, पट्टी मिरवत. आमच्या स्वतःच्या पत्र्याच्या घराला तर ताटी कधीच लागली नाही. सगळ्यांना गार करून आम्ही घरी येऊन ओलं फडकं डोक्यावर घ्यायचो.

पुढं वीज गल्लीबोळांत आली, पंखे आले. आमची चैत्रातली वर्दळ आटत गेली आणि खुंट्यांवरच्या सुतळ्या एकेक करून सुपांची गठडी बांधायला गेल्या. पण त्या दिवशी घरी आल्यावर जे झालं ते सांगून थांबते.

आत्याबाईंनी एक कोरी सुतळी काढली आणि माझ्यापुढं टाकली. "त्या खोलीच्या दाराची."

मी दार डोळ्यांसमोर आणलं. पट्टी ट्रंकेत होती, ती तिथंच राहिली. सुतळी धरली, उंची आठवली, गाठ मारायला गेले आणि थांबले. मग एक बोट मागं आणलं आणि तिथं गाठ मारली. रुंदीलाही तसंच.

त्यांनी सुतळी हातात घेतली, अंगठ्यानं गाठी चाचपल्या. उठल्या आणि आपल्या सुतळ्यांच्या ओळीत, एका रिकाम्या खुंटीवर, ती अडकवली.